शंभरावर घंटी

माझ्या टेबलावरच्या मोजयंत्राला पाच कळा आहेत.
पांढऱ्या पेशींच्या पाच जाती, एकेकीला एक कळ.
शंभर भरले की घंटी वाजते, टिण्ण,
आणि मी डोळा भिंगावरून काढते.
मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात
सतरा वर्षं माझं हेच काम:
लोकांच्या रक्तात जागे किती ते मोजायचं.

त्या दिवाळीत भार्गवची होडी नऊ दिवस बेपत्ता होती.
वायरलेसवर नुसती खरखर.
सर्जेकोटच्या जेटीवर बाया बसून राहिल्या,
मी ड्युटीवर गेले.
सुया टोचल्या, सह्या केल्या, डब्यातला भात संपवला.
एक शिंक नाही. साधी कणकण नाही.
"बाय खंबीर आसा," वाडीतले म्हणाले.

मला ठाऊक होतं, हे उसनं आहे.
मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या दोन इवल्या टोप्या
रात्रंदिवस पाझरत होत्या,
आणि त्या पाझरात
पहाऱ्यावरचे एकेक जण पेंगायला लागलेले.

दहाव्या दिवशी होडी ओढून आणली, गोव्याकडून.
भार्गव उतरला. ओठ फुटलेले, हसत होता.
तेराव्या दिवशी माझ्या डाव्या बरगडीखाली
कुणी निखारा ठेवला.

सासूबाईंनी पदर सरकवून बघितलं.
"नागीण गो ती. तोंडाक शेपटी लागाक देव नको,"
आणि काव उगाळायला बसल्या.

डॉक्टर मसुरकरांनी गोळ्या लिहिल्या. विचारलं,
"लहानपणी कांजिण्या आलेल्या?"
सातवीत. सहामाहीच्या आधी.
"त्या गेल्याच नव्हत्या."

मणक्याशेजारच्या गाठीत
एकतीस वर्षं पाय मुडपून निजलेल्या.
माझ्या लग्नात होत्या, बाळंतपणात होत्या.
वादळात उठल्या नाहीत.
वादळ ओसरलं, मी पहिल्यांदा गाढ झोपले,
तेव्हा उठल्या.

दुपारी कुणी नव्हतं, तेव्हा स्वतःचंच बोट टोचलं.
काच रंगवली, मोजलं. टिण्ण.
सगळं नॉर्मल.
पाच कळा आहेत,
भीतीला कळ नाही.

"चाला," डॉक्टर म्हणाले, "दुखणं उतरलं की रोज चाला."

जुई खवळेला मात्र कुणी थांब म्हणायला हवं होतं.
पोलीस भरतीत दोनदा हुकलेली, दुसऱ्यांदा अर्ध्या सेकंदाने.
ओल्या वाळूत, कोरड्या वाळूत, अंगात ताप असतानाही धावायची
आणि पंधरवड्याला घसा धरून माझ्यापुढे हात करायची.
"बाई, मी तर एवढा व्यायाम करतंय!"

एकदा ती थेट किनाऱ्यावरून आली, घामाने निथळत.
तिच्या थेंबात जत्रा भरलेली,
सगळे पहारेकरी रस्त्यावर.
दोन तासांनी पुन्हा घेतलं:
जत्रा उठलेली, मांडव रिकामा.
एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं.
शंभरात चार इकडचे तिकडे.
पण तिसऱ्यांदा हुकलीस तर काय, असं मी विचारलं
आणि ती रडली, सुई न टोचता.

आता पहाटे आम्ही दोघी जातो.
जेटीपासून कोळंबच्या पुलापर्यंत,
बोलता येईल इतक्याच वेगाने.
ती आईबद्दल सांगते, मी भार्गवबद्दल,
तो आता झोपेत नांगर, नांगर म्हणून ओरडतो त्याबद्दल.
परतताना तिला शेवटचा पाव मैल सुटू देते.
घसा चार महिने धरला नाही तिचा.
भरती पुढच्या महिन्यात आहे. बघू.

काल रेडिओवर सांगितलं,
ताशी पंचावन्न किलोमीटर वारे,
मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.
भार्गव जाळं विणत होता, पाय पसरून, घरातच.
तरी बरगडीखालचा तो पट्टा,
जिथे कातडी अजून तांबूस आहे,
आधी चुरचुरला.

मी रेडिओ बंद केला.
पायात बूट सरकवले.
"खंय?" त्याने विचारलं.
"पुलापर्यंत," म्हटलं. "तूही चल."